शून्याचं तिकीट

नाही नाही, मोजणीला आलात ना, मग लिहा — तुमच्या त्या काचेच्या पाटीवर बोटानं लिहा, की या थांब्यावर एक म्हातारा सकाळपासून बसलाय. बसची वाट बघतोय का? पहिलाच प्रश्न अवघड विचारलात मॅडम! इथून बस जायची बंद होऊन तीन वर्षं झाली, वाट कशाची बघणार? पण बसलोय खरा. तिथं नका बसू, तो पत्रा टोचतो — हां, इकडे या. सव्वीस नंबर. वर टेकडीवरच्या वसाहतीतून निघायची, इथं थांबायची, खाली मोठ्या दवाखान्यापर्यंत जायची. पाऊण तास. मला कसं माहीत? अहो, मला नाही तर कुणाला माहीत असणार — एकोणीस वर्षं याच गाडीवर कंडक्टर होतो मी! खड्डा कुठला, वळण कुठलं, डोळे मिटून सांगेन.

गर्दी? सकाळच्या फेरीला पाय ठेवायला जागा नसायची. शाळेची पोरं, कामावर निघालेल्या बायका, म्हातारी माणसं — आणि जवळजवळ सगळेच पासवाले. एक काकू होत्या, दवाखान्यात आया, बसायला जागा मिळाली की डोळा लागलाच. शेवटचा थांबा आला की मी ओरडायचो, "काकू, उठा, सासर आलं!" — सगळी गाडी हसायची. आणि अशी गाडी बंद केली. का, तर म्हणे रिकामी पळते! साहेबानं सांगितलं, फेरीला सरासरी नऊ माणसं. मी म्हटलं, साहेब, नऊ तर नुसती दारात उभी असतात, एकदा येऊन बघा तरी. तो कशाला येतोय — खुर्चीत बसून कागदी घोडे नाचवणारा माणूस. माझ्याच तिकिटाच्या यंत्रातून निघालेला कागद त्यानं माझ्यापुढे धरला. नऊ.

यंत्र खोटं बोलतं का? नाही बोलत. घालाल तेवढंच बाहेर येतं. नियम असा — पासवाला चढला की पास बघायचा आणि शून्याचं तिकीट काढून द्यायचं. घ्यायचं काही नाही, नुसती नोंद, की हा माणूस बसला. आता एवढ्या गर्दीत रोजच्या माणसांना शून्याचे कागद कोण वाटत बसणार? पास काढायला पिशवीत हात घातला की मीच म्हणायचो, "राहू द्या हो, तुम्ही काय परक्या?" त्यांना बरं वाटायचं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या पाळीतला कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला — त्यानंही तेच केलं. दिलदार कंडक्टर म्हणायचे मला! शेवटच्या फेरीला बायकांनी स्वेटर विणून दिला. हा काय, अंगात तोच आहे. आता त्यांना कुणी सांगायचं, की बायांनो, तुम्ही एवढी वर्षं या गाडीत बसलात, पण कागदावर एकदाही चढला नाहीत — आणि तेही माझ्यामुळे?

बघा, हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. तुम्ही आपलं विचारलंत, वय काय, कुठं जाता... मी कुठं जात नाही. ताई जायची. माझी मोठी बहीण, वर वसाहतीत एकटी राहायची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चालकाच्या मागची खिडकी तिची, कुणी बसायचं नाही तिथं. तिलाही पास होता. आणि पोरी, तुला सांगतो, सगळ्या गाडीत ती एकटीच कागद मागायची. हात पुढे करायची — "माझं तिकीट दे की रे, नियम आहे ना तुझा?" मी म्हणायचो, "गप बस ताई, जिनं मला कडेवर खेळवलं तिला शून्य देऊ होय?" सगळे हसायचे. तीही हसायची, हात मागे घ्यायची.

मग काय होणार? गाडी बंद. टेकडी पायी उतरायची, पुढे दोन गाड्या बदलायच्या. जाताना जमायचं कसंबसं, येताना अंगात त्राण कुठलं? माझी पाळी पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुट्टीच्या दिवशी तेवढा रिक्षानं न्यायचो. तीनाचं दोनावर आलं, दोनाचं एकावर. फोनवर म्हणायची, "आज बरं वाटतंय रे, म्हणून नाही गेले." मी म्हणायचो, "थोडे दिवस कळ काढ, गाडी सुरू होतेय, साहेबानं शब्द दिलाय." कुठला साहेब आणि कुठला शब्द! गेल्या थंडीत गेली. शेवटपर्यंत साहेबाला शिव्या घालत होती, माझ्या भावाची गाडी बंद केली मेल्यानं म्हणून. आणि मी उशाशी बसून मान डोलावत होतो.

तर आता नवीन गाडी येणार म्हणता. छोटी, बॅटरीवरची. आणि दारातच मोजायचं यंत्र? माणूस चढला की आपोआप? कंडक्टरच्या मर्जीचा प्रश्नच नाही? वा. चांगलं केलंत. फार चांगलं केलंत.

मग लिहा — बाई, वय एकोणसत्तर, जाणार दवाखान्यात, आठवड्यातून तीनदा. काय? जी नाही तिला लिहिता येत नाही? ... बरोबर आहे. नियमच आहे तो. नको नको, डोळे पुसा आधी, आणि ते बोट मागे घ्या! माझी दया आली म्हणून काही लिहू नका. दयेनंच घात केलाय इथं. खाली वळणावर बायका उभ्या असतील, कामावर निघालेल्या. जा, त्यांना मोजा. ओळखीची निघाली तरी मोजा. जा म्हणतो ना.