पाठमोरी

बरबँकच्या स्टुडिओत नाश्त्याच्या रांगेत आयोना उभी होती. सिनेमात गर्दीतली कामं करायची ती. तिच्या पुढे लोरेटा होती. प्रसिद्ध नटी मॅरियन व्हेल सेटवर येण्याआधी, दिवे जुळवून होईपर्यंत तिच्या जागी लोरेटाच उभी राहायची. मॅरियन मंगळवारी वारली. खिडकीतून आचारी आर्वो लोरेटाशी बोलत होता.

“तू आज इथे कशी? सिनेमाचं काम थांबलं ना?”

“चार दिवसांचं राहिलंय. तिच्या जागी मला घेतलंय.”

“आणि चेहरा?”

“चेहरा दिसणारच नाही. पाठमोरं समुद्राकडे चालत जायचं.”

“किती सिनेमे केलेस गं तिच्याबरोबर?”

“तेवीस. दिवे लागले की खांद्यावर हात ठेवून म्हणायची, बस आता, दमलीस.”

“चांगली होती बाई.”

“काल दिग्दर्शक म्हणाला, लंगडू नकोस, सिनेमातली बाई लंगडी नाही.”

“तू कुठे लंगडतेस?”

“ती लंगडायची, वर्षभर. आजार हाडात उतरला होता. कॅमेऱ्याला तिची चाल आधी कळावी म्हणून मीही तशीच चालायचे. सवय लागली रे.”

“मग आता सरळ चाल.”

“पहाटेपासून अंगणात तेच करतेय. सरळ चालले की ती वाटतच नाही. मीच वाटते.”

“आणि चार दिवसांनी?”

“तिच्या उंचीची दुसरी नटी कोण आहे आता, जिच्या जागी उभी राहू?”

“अंडी घालू?”

“नको. नुसती कॉफी दे.”

सेटच्या दारातून कुणीतरी हाक मारली, “मॅरियनला पाठवा.”

लोरेटा रांगेतून बाहेर पडली.

“आले,” ती म्हणाली.