उघड्या दारात ओडी

हॅलो?… हॅलो, कोण, ताई? अगं, मोठ्यानं बोल, तिकडच्या रडण्यात काही ऐकू येत नाही… अंगणात ये, आंब्याखाली… हां, आता येतंय.

हो, लॉजवरच आहे. मालक म्झुझू शहरात गेलाय ना गॅसच्या टाक्या आणायला… अगं, पहाटे नाही का येऊन बसले? मयताजवळ, न्यालोंग्वेच्या पायाशी होते मी, तूच सरकून जागा दिलीस… हो, मातीला येतेय ना परत.

इकडे काय, चिटपाखरू नाही. कामाची माणसं सगळी तुमच्याकडे. पाठीवर बोचकी घेऊन दोघं आले होते, ते सकाळीच पुढच्या गावाला गेले. चादरी धुतल्या, वाळल्या, घड्या घातल्या. आता करू काय? तळ्यावर एक होडी नाही आज… हो, बरोबर आहे. गावात मयत असताना जाळं कोण टाकणार.

कोण, योहाना?… आहे ना, इथंच आहे. खाली पाण्याच्या पायरीवर बसलीये. नुसती तळ्याकडे बघतेय…

असं कोण म्हणालं?… सगळ्याच बायका?… हं… हं… अगं पण ताई, ऐक ना… बरं, तूच बोल आधी.

…

खरं आहे. मी कुठं नाही म्हणतेय. एवढ्या लांबून आपल्या पोरांना शिकवायला आली, पावसाळ्यापासून बालवाडीत दोघी बरोबर. न्यालोंग्वे पेज ढवळायची, ही पोरांचे हात धुवायची. आणि पातेल्याची खरवड कुणाला? हिलाच. पोरं आत डोकी घालायची खरवडीसाठी, पण ती हिच्या वाटणीची आधी पानाखाली झाकून ठेवायची. "माझ्या जर्मनीच्या लेकीची" म्हणायची… हो ना. तीच लेक मयताला दिसली नाही, तर लोक बोलणारच… काय? गोऱ्यांना मढ्याची भीती वाटते? हे न्याचिर्वा म्हणाली असेल. तिच्या जिभेला कधी हाड नव्हतं…

थांब. मी तिलाच विचारते. फोन ठेवू नकोस.

योहाना… ए योहाना, वर ये जरा. बस इथं… न्यालोंग्वेकडे का गेली नाहीस गं तू?

…

कधी?

ताई, ऐकतेस? ही म्हणते, मी गेले होते… आज सकाळीच. मी इकडे यायला निघाले, तेव्हा ही पलीकडच्या वाटेनं तिकडे… खोटं कशाला बोलेल? चपलांना तुमच्या चढावरची लाल माती आहे अजून… मग तुम्हाला दिसली कशी नाही?… थांब, विचारते.

…

अरे देवा.

ताई, ही दारात उभी राहून "ओडी" म्हणाली… अगं, ओडी, आत येऊ का म्हणून. तीनदा म्हणाली. तीनदा म्हणायचं, आतून उत्तर आलं नाही तर मुकाट मागं फिरायचं, असं शिकवलंय तिला… कुणी म्हणजे? न्यालोंग्वेनंच. आल्या आल्या ही लोकांच्या घरात सरळ घुसायची, आठवतं ना? तेव्हा तिनं बसवून शिकवलं होतं.

हसू नको, लोक बघतील तिकडे… मलाही येतंय गं. हसू येतंय आणि रडूही येतंय. एवढ्या बायका आकांत करतायत, त्यात हिचं ते मांजरीच्या आवाजातलं ओडी कुणाला ऐकू जाणार? आणि मयताच्या घरी ओडी म्हणतं का कुणी? दार उघडंच असतं… पण हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं, आत सगळे आहेत, पण ये म्हणत नाहीत, म्हणजे मी नको आहे. आली परत आणि बसली पायरीवर. आणि तुम्ही तिकडे तिची वाट बघून तिलाच नावं ठेवताय.

रडू नको बाळ… तुला नाही ताई, हिला. काल ताप होता म्हणून बालवाडीत गेली नाही, तेच लागलंय मनाला. शेवटचा दिवस हुकला म्हणते. संध्याकाळी छातीत कळ आली आणि रात्रीत बाई गेली, कुणाला ठाऊक होतं…

ही विचारतेय, न्यालोंग्वेच्या मुली रागावल्यात का माझ्यावर… काय सांगू? रागावल्या असतील तर तसं सांग ताई, उगीच गोड बोलू नको. तिला कळतं सगळं.

…

थोरलीच आलीये तिथं? दे, दे तिला.

तिवोंगे?… हो बाळा, मी मावशीच बोलतेय… आले होते गं पहाटे, तू भानावर नव्हतीस… हो, योहाना इथंच आहे माझ्याजवळ. का गं?

कसली ताटली?

… चुलीमागं?… काल दुपारी आणली बालवाडीतून… केळीच्या पानाखाली… हं… पोरीला ताप आहे, उद्या स्वतः नेऊन देईन, असं म्हणाली?…

… नाही, आहे मी. आहे. धूर गेला डोळ्यात… चूल कुठं पेटलीये म्हणा इथं.

आणि तू ती तशीच ठेवलीस… पोरांनी मागितली तरी दिली नाहीस… बरं केलंस. दुसऱ्या कुणाची नाहीच ती… सांगते. आत्ता सांगते. तुझ्या शेजारी बसवून घेशील ना तिला?… बरं, दे ताईला.

ताई, मयत कधी निघणार?… मयताची पेटी अजून सुताराकडेच? जन्मात पहिल्यांदा त्याचा उशीर कामी आला बघ.

योहाना, ऊठ. तोंड धू. हे माझं चितेंजे घे, कमरेला गुंडाळ. असं नाही, घट्ट. डोक्याला हा रुमाल. त्यांच्याकडे द्यायची कसाव्याच्या पिठाची पाटी मी घेते… काय बोलायचं? काही बोलायचं नसतं तिथं. तिवोंगेच्या शेजारी बसायचं. रडू आलं तर रडायचं, नाही आलं तरी बसायचं… आणि ऐक. तुझी खरवड ठेवलीये तिनं. कालची. पानाखाली झाकून.

…

ताई, आहेस?… हो, सांगितलं तिला. चितेंजेचं टोक हातात धरून उभी आहे नुसती.

लॉजचं काय? कुलूप घालते. कुणी आलंच तर बसेल पायरीवर, मालकाचं मी बघून घेईन… नाही गं, एकटीला नाही पाठवत. एकटी पाठवली तर उघड्या दारात उभी राहून परत ओडी म्हणायची.

ठेवते.