लाल बटणाचं हळदीकुंकू

चहा थंड झाला तरी चालेल, पण पणदऱ्याच्या दूध डेअरीतल्या त्या लाल बटणाचं ऐकाच. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. दुधाचं फॅट मोजायला तिथल्या लॅबमध्ये नळ्या गरगर फिरवणारं मशीन होतं. ते झटक्यात बंद करायचं बटण अडकलं, म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं. उघडून बघतो तर आत हळदीकुंकवाचा लगदा! लॅब सांभाळणारे तात्या दर खंडेनवमीला नेमकं बटणालाच कुंकू लावायचे.

मी सगळं साफ करून बटण बसवलं. म्हणलं, "तात्या, आता चालू करून बघू."

"थांबा, आधी पूजा!" तात्यांनी नारळ फोडला, मशीनला झेंडूची माळ घातली आणि बटणावर मूठभर ओलं कुंकू थापलं. मशीन सुरू झालं, तशी माळ आत ओढली गेली आणि पाकळ्या आमच्या तोंडावर. मी बटण दाबतोय, तर ते पुन्हा अडकलेलं! शेवटी वायरच उपसली.

मी ओरडलो, "अहो तात्या, कुंकू त्या भिंतीला लावा की!"

तात्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "भिंत कदी बिघडलीया का? ह्ये बटणच सारखं बिघडतंय, म्हणून तर त्याला लावतोय!"