कौसाबाईच्या कोंबडीवरचा शेरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा सरपंच वत्सलाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे आपले पशुवैद्यकीय अधिकारी करणसिंग गिरासे साहेब, आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागे उभ्या असलेल्या माझ्या बचतगटाच्या बायांनो,

मी गायत्री, रनाळ्याच्या गटाची पशुसखी. मला दोन शब्द गोड बोलायला सांगितलंय. साहेब वेळेचे पक्के, हे झालं गोड. आता उरलेलं बोलते.

गेल्या माघात साहेबांनी आम्हाला उबवायला अंडी वाटली. आमच्या गटातल्या कौसाबाईनं बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. सातव्या दिवशी भरदुपारी दार लोटून, कौलातून येणाऱ्या कवडशात तिनं एकेक अंडं धरलं. फळलेल्या अंड्यात तोवर लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे काळा ठिपका. ही बाराही कोरी! टोपली घेऊन ती तशीच कार्यालयात गेली.

"साहेब, ह्या अंडास्मा जीव नही शे. कोंबडाच लागेल नही शे."

म्हणजे ही अंडी कोंबड्याविनाच घातलेली. साहेब काय म्हणाले? "डॉक्टर तू की मी? बसव एकवीस दिवस."

बसवली. कोंबडी झिजली, अंडी नासली. आणि साहेबांनी वहीत शेरा मारला, 'लाभार्थीच्या निष्काळजीपणामुळे उबवण अयशस्वी.' त्या एका ओळीवर यंदा पिल्लं वाटपाच्या यादीतून आमचा अख्खा गट बाद!

अंडी कुठली होती? पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची, जिथं कोंबडा औषधालाही नाही. आम्लेटची अंडी होती ती, साहेब! चूक माणसाकडून होते, मान्य. पण आपली चूक कौसाबाईच्या पदरात टाकायची? संताप होतो माझा. ती अजून मला विचारते, "मन्ही कोंबडी एकवीस दिन बठनी, तिनं काय चुकनं?" काय सांगू मी तिला?

असो. शाल-श्रीफळ झालं. ती वही अध्यक्षांनी मागवून घेतली आहे, हारांच्या शेजारीच ठेवली आहे. कौसाबाई मागे खांबाजवळ उभी आहे.

बोलू दिलंत, सगळ्यांची आभारी आहे. काही कमी-जास्त बोलले असेन तर लेकीचं म्हणून पोटात घाला. साहेब, तुम्ही मात्र आधी तो शेरा खोडा. चार चाळीस झालेत, आणि तुमची सही पाचपर्यंतच चालते. पेन मी आणलंय.