सूज म्हणाले, ते खोटं होतं

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर ललितसाहेब, सरपंच कोंडाजी आबा, व्यासपीठावरील मान्यवर, केंद्रातल्या माझ्या भगिनी आणि समस्त गावकरी मंडळी,

मघापासून सगळे या प्रतिभा नर्सचं कौतुक करताहेत. निवृत्तीच्या दिवशी तसंच बोलायचं असतं, मीही इतरांसाठी बोलले आहे. पण एक गोष्ट मलाच सांगायला हवी. समोर यशोदाबाई बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते.

२००१ साली आपल्या केंद्रात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. यशोदाबाईंच्या गर्भाशयाच्या तोंडाशी पांढरा डाग दिसला. कॅन्सर नव्हता, पुढे होऊ शकला असता. एक विषाणू असतो, संबंधातून येणारा, अगदी सर्रास आढळणारा. बहुतेकींचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावतं. काहींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो आणि दहा-पंधरा वर्षांत तिथल्या पेशी बिघडवतो. डाग वेळेत गोठवून काढला, की धोका बहुतेक टळतो.

हे घरी कसं सांगायचं? मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. त्यांचे मालक धोंडीरामभाऊ झेंडूच्या पाट्या भरत होते.

"रोग कशाचा हाय? आन् आणला कुठून?" त्यांनी विचारलं.

सासूबाई दारात उभ्या. यशोदाबाईंची मान खाली. विषाणू म्हणावं, तर ठपका बाईवर, मग तिला उपचाराला नाशिकला कोण धाडणार? नवऱ्याकडूनही आला असेल म्हणावं, तर ते दार मलाही बंद.

"पिशवीला सूज आहे," मी म्हणाले. "नाशिकला दाखवलं की उतरेल."

यशोदाबाई गेल्या, बऱ्या झाल्या. मला वाटलं, निभावलं.

दोन वर्षांनी त्यांच्या जाऊबाईंना, लंकाबाईंना, अवेळी रक्त जाऊ लागलं. मी धावत गेले.

"यशोदेसारखीच सूज ना, ताई? मंग उतरंल. दिवाळीचा माल तोडू द्या," लंकाबाई म्हणाल्या.

सासूबाई शेजारीच बसलेल्या. खरं सांगावं, तर यशोदाबाईंचा संसार पणाला. "तरी लवकर या," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

लंकाबाई आल्या त्या थेट शिमग्याला. उशीर झाला होता. वर्षभरात गेल्या. आधी आल्या असत्या तर वाचल्या असत्या का, कोणी सांगू शकत नाही. मलाही ते कधीच कळणार नाही.

तेराव्यानंतर मी त्याच ओट्यावर जाऊन सगळं खरं सांगितलं.

"म्हंजी माझ्याकडून आला?" धोंडीरामभाऊंनी विचारलं.

"कोणाकडून, कधी, हे कुणालाच सांगता येत नाही, भाऊ. वीस वर्षांपूर्वीचाही असेल."

ते उठून आत निघाले. माझ्यासमोर नवऱ्याशी कधी शब्द न बोललेल्या यशोदाबाई म्हणाल्या, "बसा. लंकाच्या पोरीचं लगीन व्हायचंय. तिला तरी खरं कळाया नको?"

भाऊ बसले.

ती मुलगी, ज्योत्स्ना, आज मागच्या रांगेत आहे. बाळ, त्या दिवशी सूज हा शब्द तुझ्या आईनं उच्चारला, आणि मी तिला नाही म्हटलं नाही.

मंडळी, इतकी वर्षं तुम्ही मला घरात घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. आज बोलताना काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. जे बोलले नाही, त्याची क्षमा मात्र सभेकडे मागत नाही. ज्योत्स्ना, ती तुझ्याकडे मागते.