बंद जीपचा कोमट डायनमो

माहा जन्म कुरखेड्याजवळच्या एका खेड्यातला, घरी धानाच्या चार बांध्या अन् आमी पाच भावंडं, मी मधातला, अन् मधातल्याकडे कोनाचं ध्यान नसते, म्हनून मी लहानपनापासून थट्टामस्करी करून लोकाईले हसवत राहो. बाप म्हने का ह्या पोट्ट्याचं तोंड एक दिवस कोनाचं तरी वाटोळं करन. सोळाव्या वर्षी मामानं बल्लारपूरले नेलं अन् तिथी एका उस्तादाजवळ गाड्यायची वायरिंग शिकलो. उस्ताद लय कडक. त्याचं सांगनं होतं का बॅटरी उतरते म्हनून गाडी आली तं तोंड बंद ठेवाचं, पयले बॅटरीची एक वायर काढाची, मधात बल्ब लावाचा, चाबी बंद असून बी बल्ब पेटला म्हनजे कुठी तरी काई तरी करंट पिऊन राह्यलं, मंग एकेक वायर काढत जाचं, जिच्यानं बल्ब विझला तिथी बिघाड. पाच-दहा मिनिटाचं काम हाये. तेवढंच मी केलं नाई, काय सांगू तुमाले.

मंग कुरखेड्याले येऊन हे दुकान टाकलं, तीस वर्सं झाले, समोर चहाची टपरी, तिथले बाकडे कधी खाली नसते. लोक मले वासू वायरमन म्हनते अन् गाडी नसली तरी माह्या गोष्टी आयकाले येते, खोटं कायले बोलू, मले त्याचा गर्व होता. तं शेषरावभाऊ म्हनून एक मालक हाये, त्याची जुनी डिझेल जीप, बाजाराच्या गावाईले सवाऱ्या नेते. तिच्यावर ड्रायव्हर होता मंगरूदादा, जंगलातल्या गावचा, गोंड मानूस, माह्यापेक्षा मोठा, अकरा वर्सं एकच गाडी चालवली त्यानं. बोलनं कमी. गाडी संध्याकाळी त्याच्याच आंगनात उभी राहे, कारन सकाळची पयली सवारी तिकडूनच निघे.

त्या जीपची बॅटरी उतराले लागली. कधी आठ दिवस काईच नाई, अन् कधी सकाळी सेल्फ मारला तं नुसतं टिक टिक, मंग सवाऱ्यायनंच उतरून धक्का माराचा, म्हाताऱ्या बाया बी लावत धक्का. शेषरावभाऊनं नवी बॅटरी टाकली, ते बी उतरली. मंग एका बाजाराच्या दिवशी दोघंबी जीप घेऊन माह्याकडे आले. टपरीवर पंधरा-वीस लोक. मंगरूदादानं बॉनेट उचललं अन् हळूच मले म्हने का वासूभाऊ, मी एक गोष्ट पाह्यली, रातभर उभी गाडी, सकाळी हात लावला तं इंजन थंडगार राहते अन् डायनमो कोमट लागते, काऊन असं होत असन? आता तुमी सांगा, डायनमो चालत्या गाडीत बॅटरी भरते, बंद गाडीत थंड पाह्यजे, तो कोमट म्हनजे तोच करंट पिऊन राह्यला, त्यानं बिघाडावर बरोब्बर बोट ठेवलं होतं! अन् मी काय म्हनलं? मी म्हनलं, मांजर निजत असन दादा त्याच्यावर. सारे हसले. मंगरूदादा बी जरासा हसला, लाजल्यासारखा.

तिथी थांबलो असतो तं बरं होतं. पन लोक हसले का मले चेव येते. मी शेषरावभाऊकडे पाहून म्हनलं का भाऊ, बॅटरी कायले बदलवता, तुमचा ड्रायव्हर रातच्याला सर्चलाईट लावून ससे मारत असन, ह्याले इचारा मटन कसं लागते. बाकड्यावरचे लोक पोट धरू धरू हसले. शेषरावभाऊ हसला नाई. ड्रायव्हर जंगलातला मानूस, गाडी त्याच्या आंगनात, अन् शिकारीत गाडी सापडली तं जप्त होते हे मालकाले माहीत. मंगरूदादा म्हने का भाऊ, मी अशी गोष्ट कधी केली नाई, पेनाची शपथ. पेन म्हनजे त्याईचा देव. शेषरावभाऊनं हात पुढं केला, चाबी दे म्हने. मी तिथीच उभा होतो. हातात पाना होता माह्या, बल्ब भिंतीले टांगून होता, अन् मी म्हनलं नाई का थांबा भाऊ, मी मस्करी केली, गाडी तपासू द्या. मले वाटलं आपलीच फजिती होईन. मंगरूदादानं चाबी देली, सीटखालचा आपला दुपट्टा काढला, अन् पायी गेला.

दोन महिन्यानं तेच जीप नवा ड्रायव्हर घेऊन आला, म्हने बॅटरी उतरते. मुकाट्यानं बल्ब लावला, चाबी बंद, बल्ब लख्ख पेटला. एकेक फ्यूज काढला, पेटलेलाच. डायनमोची वायर काढली अन् बल्ब विझला. हात लावून पाह्यला तं कोमट. आतमधी डायोडची प्लेट, जे बॅटरीचा करंट उलटा डायनमोत येऊ देत नाई, ते गेली होती, पयल्यापासूनच गेली होती. प्लेट बदलवली, गाडी चोख झाली. शेषरावभाऊ आला तं त्याले म्हनलं का हा नवीनच बिघाड निंगला भाऊ. पयले मस्करी होती, हे तं सरळ खोटं होतं. त्याच्यानंतर जेवन गोड लागे नाई, टपरीवर लोक म्हनत वासू काऊन गप झाला बा.

बायकोनं खोदून खोदून इचारलं, मंग तिले सांगतलं. ते म्हने, मले सांगून काय होते, त्याईले जाऊन सांगा. गेलो. मंगरूदादा आंगनात मोहफुलं वाळवून राह्यला होता. गावातल्या लोकाईनं शिकारी म्हनून नाव ठेवलं, दुसऱ्या कोनी गाडी देली नाई त्याले. मी पाय धरले. तो म्हने, पाय सोड, मले माहीतच होतं, ज्या दिवशी जीपले धक्का माराचा बंद झाला त्याच दिवशी समजलं. मंग म्हने, जिथी हसले होते तिथीच सांग, माह्या आंगनात सांगून मले काय उपेग.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच टपरीवर उभा राह्यलो. शेषरावभाऊ होता, बाकडे भरले होते, मंगरूदादा बी आला होता, दूर सायकल धरून उभा. मी सारं सांगतलं, डायनमो, डायोड, माहं खोटं. बोलता बोलता माहा आवाज फाटला. शेषरावभाऊ म्हने, अन् मांजरीचं काय झालं रे वासू? अन् जे हसले लोक! कोनी म्हने वासू रडून बी दाखवाले शिकला, कोनी म्हने चहा पाजा ह्याले. मी म्हनलं खरं हाये बापहो, उस्तादाची शपथ खरं हाये, तं आनखी हसले. मंगरूदादा हसला नाई. सायकल वळवली अन् गेला.

आता जीपवर तोच नवा ड्रायव्हर हाये. मंगरूदादा बाजारात भेटला तं राम राम घेते, देव त्याले सुखी ठेवो. माह्या तोंडाचं कोनी खरं मानत नाई, ते मीच करून ठेवलं. म्हनून हे लिहून घ्याले तुमाले बलावलं, लोक लिहिलेलं तरी मानतीन. पयले त्याचं नाव लिहा, मंगरू, अन् लिहा का त्यानं हात लावून बिघाड सांगतला होता. अन् हसू येईन असं काई त्याच्यात टाकू नका, तुमच्या पाया पडतो.