रिमार्कचा रकाना

परशुराम : आधी पाणी पी. रविवारी दुपारी वागळे इस्टेटच्या कंपनीतली पोर लॅपटॉप घेऊन शहाडला नुसती चहाला येत नाही. काय मोडलंस?

कल्पिता : तुमचा पाळ्यांचा तक्ता, काका. म्हणजे मोडला नाही, उलट पळतोय. तुम्ही रिटायर झालात आणि मी मॅक्रो लिहिला. एक बटण दाबलं की चौऱ्याहत्तर जणांच्या पाळ्या अकरा सेकंदांत तयार.

परशुराम : मला अख्खा शनिवार लागायचा. मान धरायची ती वेगळीच.

कल्पिता : साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

परशुराम : मग तोंड का असं?

कल्पिता : पॅकिंगच्या शेवंतीताईंना गेल्या सोमवारपासून दुसरी पाळी लागली. दुपारी दोन ते रात्री दहा.

परशुराम : शेवंतीला? अगं, शेवटच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं मी!

कल्पिता : रिमार्कचा रकाना मी उडवला.

परशुराम : सगळा?

कल्पिता : जुनी फाईल आहे, ऐका. ‘शेवंती : संध्याकाळी सहानंतर हिचा हात लागला की मशीन रुसतं. तीनदा पाहिलं.’ ‘मुकुल : याला दर मंगळवारी कुत्रं चावतं, रात्रपाळी नको.’ काका, मी हसत हसत डिलीट केलं हे.

परशुराम : दर मंगळवारी कुत्रं वेगळं असायचं, ते लिहायचं राहिलंच.

कल्पिता : मस्करी नको ना. ताईंचे मिस्टर...

परशुराम : देवराम? काय झालं देवरामला?

कल्पिता : त्यांना काही आठवत नाही, हे मला कुठे माहीत होतं! मुलगी संध्याकाळी सहाला ड्यूटीवर जाते. तीन दिवस शेजारीण बसली, गुरुवारी तिला जमलं नाही. ताई रात्री साडेअकराला घरी पोचल्या तर दार सताड उघडं. मग ते विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकावर सापडले. अनवाणी. हातात रिकामा डबा. कामाला उशीर होतोय म्हणत होते.

परशुराम : त्याची कंपनी बंद पडून चौदा वर्षं झाली गं.

कल्पिता : शुक्रवारी ताईंनीच येऊन हे सांगितलं. मला वाटलं, चार शिव्या घालतील. तर अर्धी भाकरी पुढे केली. म्हणाल्या, खा, सकाळपासून स्क्रीनला चिकटलीयस.

परशुराम : तिने मला शपथ घातलेली. ऑफिसात कळलं तर ‘घरी बसा’ म्हणतील म्हणून. मग मी थापा लिहिल्या. ज्याची जशी अडचण, तशी थाप. मुकुलचा मंगळवारी क्लास असतो. सरळ ‘विचारल्याशिवाय बदलू नये’ लिहिलं असतं, तर पुसलं असतंस का तू?

कल्पिता : नसतं.

परशुराम : मग? थाप चांगली जमली की मला उगाच गुदगुल्या होतात. देवराम त्या गुदगुल्यांपायी अनवाणी फिरला.

कल्पिता : मी एक फोन केला असता तरी चाललं असतं. शनिवार वाचवला ना तुमचा, त्यातली पाच मिनिटं नव्हती मला. आणि अजून एक आहे. आठ वर्षांत त्यांना एकही दुसरी पाळी नाही, म्हणून मॅक्रोने सगळ्यांच्या बरोबरीला आणायला सलग अकरा आठवडे दुसरीच लावलीय.

परशुराम : अरे देवा. उद्याही?

कल्पिता : उद्याही. तक्ता सकाळी सातला बोर्डावर लागतो.

(कल्पिता लॅपटॉप उघडते.)

कल्पिता : रकाना परत आणलाय. आता त्यात काही लिहिलेलं असेल, तर मॅक्रो त्या माणसाला हात लावत नाही. आधी मला दाखवतो. पण तक्ता साहेबही उघडतात. ताईंच्या नावापुढे काय लिहू? खरं?

परशुराम : खरं तिचं आहे, तिला विचार. उद्या भेटशील तेव्हा.

कल्पिता : आणि उद्यापुरतं?

परशुराम : उद्यापुरतं मशीन रुसू दे.

कल्पिता : ‘सहानंतर हिचा हात लागला की मशीन रुसतं. तीनदा पाहिलं.’ हेच ठेवू?

परशुराम : चारदा लिही. गुरुवार धरून.